भिंतीचा माल

मंडळी, आज भिंतीच्या मालाविषयी बोलू. माल म्हणजे गवंडी दोन विटांच्या मध्ये थापीने घालतो तो. घराला जन्माची पुंजी लागते. आपण विटा निरखून घेतो, दार-खिडक्या निरखून घेतो, पण माल गवंड्यावर सोडून देतो. गवंडी हुशार असतो, नाही असे नाही. पण त्या घरात निजायचे आहे आपल्याला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भागात भूकंप झाला. तिथल्या घरांच्या भिंती चांगल्या जाडजूड, दगडी. वर माळवदाचे जड ओझे. पण दगडांच्या मध्ये माल होता नुसत्या मातीचा. भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींत गुंतलेली नव्हती. जमीन हालली तसे दगड सुटले. हजारो माणसे झोपेतच गेली. दगडी भिंत बांधताना मधून मधून दोन्ही बाजूंना पोचणारे लांब दगड घालावेत, आणि माल सिमेंटचा असावा, एकास सहा.

एकास सहा म्हणजे काय? सिमेंट एक घमेले, वाळू सहा घमेली. दोन्ही सपाट मोजायची. वाळूला शीग आणि सिमेंट सपाट, असे चालायचे नाही. फावड्याने तर मोजूच नका. सिमेंटची एक गोणी सुमारे ३५ लिटर भरते. तेवढ्या मापाची लाकडी पेटी करून घेतली तर भांडणच नको.

कुणी म्हणेल, गुरुजी, सिमेंट जास्त घातले तर भिंत आणखी पक्की होईल ना? तसे होत नाही, बरं का. फार सिमेंटचा माल सुकताना आकसतो आणि त्याला तडे जातात. पैसाही जातो तो वेगळाच. नऊ इंची विटांच्या भिंतीला एकास सहा पुरे. चार इंची आडभिंत नाजूक, तिला एकास चार. बाहेरचा गिलावा पाऊस खातो, त्यालाही एकास चार. पाण्याच्या टाकीला आतून एकास तीन. जुन्या मातीच्या भिंतीला मात्र सिमेंटचा गिलावा लावू नका. ओल आत कोंडते आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. तिथे मातीचाच गिलावा बरा.

वाळू पारखणे सोपे आहे. काचेचा पेला अर्धा वाळूने भरा. वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या बाराव्या हिश्शाहून जाड असेल तर वाळू धुवून घ्या. खाडीची खारी वाळू घेऊच नये. भिंतीवर मीठ फुटते.

सिमेंट आणि वाळू आधी कोरडीच कालवा, सगळा रंग एकसारखा होईतो. मग पाणी. पाणी पडल्यावर तो माल दोन तासांच्या आत संपवायचा. जेवणाच्या सुट्टीत माल कडक होतो, मग मजूर त्यावर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा कालवतो. तो माल मेलेला असतो. तो फेकायला लावा. गवंडी कुरकुर करील, करू द्या.

विटा लावण्यापूर्वी पाण्यात भिजवा, नाहीतर त्या मालातले पाणी पिऊन टाकतात. आणि बांधलेली भिंत निदान सात दिवस ओली ठेवा. उन्हाळ्यात गोणपाट टाकून भिजवत राहा. लग्नसराईत बांधकाम काढले असेल, तर रोज पाणी कोण मारणार ते आधीच ठरवून ठेवा.