ओसाड लेणीं आणि भिंतीवरचीं नांवें

(जुन्नर तालुक्यांतील एका गांवीं चावडीपुढें शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



गेल्या रविवारीं आम्ही शाळेचीं मुलें घेऊन मानमोडीच्या डोंगरावर गेलों, त्यावरून गांवांत बरीच कुरकुर झाली. "मास्तराला शिकवायचें सोडून भुताच्या कपारी दाखवायची हौस आली," असें पारावर बोललें गेलें, तें आमच्या कानांवर आलें. बोलणारे आमचेच लोक आहेत, म्हणून राग नाहीं. पण तेथें काय आहे हें न सांगतां गप्प बसणेंही बरें नव्हे, म्हणून आपल्यापुढें उभे राहिलों आहों.

जुन्नर शहराभोंवतीं शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्रि असे डोंगर आहेत, व त्यांत लहानमोठीं दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. लेण्याद्रीला गणपतीच्या नांवानें सगळे जातात. तें देऊळही मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहारच. बाकीच्या बऱ्याच लेण्यांकडे गुराख्यांशिवाय कोणी फिरकत नाहीं. वटवाघळें, शेरडांच्या लेंड्या, आग्या मोहोळ. आणि विचारलें तर ठरलेलें उत्तर, कीं हें पांडवांनीं एका रात्रींत कोरलें. एका रात्रींत! आपल्यांत पाथरवट आहेत. काळ्या दगडांत हातभर खोल टाकें घ्यायला किती दिवस लागतात, हें त्यांनींच सांगावें. छिन्नी कोणाची, घाम कोणाचा, आणि नांव पांडवांचें!

खरीं नांवें तेथेंच भिंतींवर लिहिलेलीं आहेत. लिपि ब्राह्मी. ती वाचणारा मनुष्य शेंकडों वर्षें देशांत उरला नव्हता. सन १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें तिचीं अक्षरें लावलीं, आणि १८८१ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनीं जुन्नरचे लेख इतर लेण्यांच्या लेखांबरोबर छापून काढले. भाषा मात्र परकी नाहीं. ती प्राकृत, त्या वेळच्या लोकांच्या तोंडची. तींत लेण्याला 'लेण'च म्हटलें आहे. खोलीला 'गभ' म्हटलें आहे. आपला गाभारा त्याच घराण्यांतला शब्द.

या लेखांत राजे थोडे, आणि धंदेवाले पुष्कळ. एक लेख म्हणतो, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिलें. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघ. दुसऱ्या लेखांत बुरुडांची आणि कांसारांची श्रेणी आहे. त्यांच्याकडे दानाचा पैसा ठेव म्हणून दिलेला होता. तिसरा लेख आपण शेतकऱ्यांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगा. अदुथुम नांवाच्या एका शकानें वीस निवर्तनें जमिनीचें उत्पन्न करंजाचीं झाडें लावण्यासाठीं, आणि नऊ निवर्तनांचें वडाच्या झाडांसाठीं लावून दिलें. निवर्तन हें त्या काळचें जमिनीचें माप. करंजाचें तेल दिव्याला, पेंड शेताला. देणारा व्यवहार जाणणारा होता. आम्ही परवां चढलों तेव्हां मुलांना बसवायला सावली शोधीत होतों.

असेच लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत, आणि त्यांनाही लोक पांडवलेणींच म्हणतात. सुमारें १९०० वर्षांमागें क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले, असें तेथें लिहिलें आहे. दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें, एक हजार दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत मागायचें नाहीं, व्याज भिक्षूंना द्यायचें. हा हिशेब आम्हीं फळ्यावर मांडून दाखविला. दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४०; वीस भिक्षु, प्रत्येकास वस्त्रांसाठीं बारा. बरोबर २४०! राजाचा जांवई आपली ठेव विणकरांच्या पदरीं टाकतो, आणि आज विणकर कर्जासाठीं दोन जामीन शोधीत हिंडतो. पुढें आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीं विष्णुदत्ता नांवाच्या बाईनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं पैसा ठेवला, तो तेली आणि पाण्याचीं यंत्रें करणारे अशा श्रेणींकडेच.

आतां एक गोष्ट सांगतांना जीभ अडखळते. पण मुलांनीं ती पाहिली आहे, तेव्हां लपवून उपयोग नाहीं. एका लेण्याच्या ओसरींत, जुन्या अक्षरांपासून हातभर अंतरावर, खिळ्यानें कोरलेलीं कितीतरी नांवें आहेत. चौथींतला एक मुलगा तीं मोठ्यानें वाचीत होता. वाचतां वाचतां थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, हें तुमचंच नांव ना?"

आमचेंच होतें. पस्तीस वर्षांमागें शेरडांमागें फिरत असतां आम्हींच तें कोरलें, खालीं सालही घातलें. शेजारच्या वांकड्यातिकड्या रेघोट्या त्या वेळीं आम्हांस उंदरानें कुरतडल्यासारख्या वाटल्या होत्या. आमच्या नांवाच्या शिरोरेघेनें त्यांतल्या एका अक्षराचा पाय खाल्ला आहे. ज्यानें तें जुनें नांव लिहवलें त्यानें कांहीं तरी दिलें होतें. आम्हीं काय दिलें होतें? मुलाला काय उत्तर द्यावें तें सुचेना. "होय, माझेंच," एवढेंच म्हणालों. पोरें हंसलीं नाहींत, त्यानें अधिकच लाज वाटली. घासून काढावें तर दगड आणखी झिजतो, म्हणून तें तसेंच ठेवून आलों.

येत्या रविवारीं पुन्हां जाणार आहों, या खेपेस लेखांचीं अक्षरें कागदावर उतरून घ्यायला. ज्यांना मुलें पाठवायचीं असतील त्यांनीं भाकरी बांधून द्यावी आणि पाणी भरपूर द्यावें. मुलींनाही पाठवावें, औषधाचा तो पैसा एका बाईनेंच दिला होता. बुरुडआळींतल्या व कांसारआळींतल्या वडीलमाणसांपैकीं कोणी आलें तर आम्हांस फार हवें आहे. कोणाच्या खिशांत खिळा, कोळसा कीं खडू असेल तर तो पायथ्याशींच काढून घेतला जाईल. पहिला खिसा आमचा तपासावा.