पांचशें डॉलरच्या मोटारीचीं चाकें

नवी मोटार घराशीं आली म्हणजे आपल्याकडे तिला हळद-कुंकू वाहतात, पुढें नारळ फोडतात आणि चाकांखालीं लिंबें ठेवून तीं चिरडल्यावरच तिला रस्त्यावर जाऊं देतात. अमेरिकेंत लिंबू चाकाखालीं जात नाहीं. तेथें मोटारीलाच लिंबू म्हणतात. घेतल्या दिवसापासून जी गाडी मालकाला दुरुस्तीच्या खर्चानें जेरीस आणते ती 'लेमन'. या शब्दावर, आणि फ्रान्समध्यें ल मां येथें १९२३ सालीं सुरू झालेल्या चोवीस तासांच्या विख्यात शर्यतीच्या नांवावर, एकाच वेळीं कोटी करून जे लॅम नांवाच्या गृहस्थांनीं २००६ सालीं कॅलिफोर्नियांतील आल्टामॉन्ट येथें एक शर्यत भरविली. 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स' हें तिचें नांव, आणि मोटार पांचशें डॉलरांच्या आंत तयार झालेली असावी हा तिचा मुख्य नियम. थट्टेनें आरंभलेली ही शर्यत पुढें त्या देशांत ठिकठिकाणीं होऊं लागली. आठवडाभर कचेरींत किंवा कारखान्यांत राबणारे चार-सहा मित्र एकत्र येतात, भंगाराच्या वाटेवर असलेली गाडी घेतात, आणि शनिवार-रविवार मिळून चौदा-पंधरा तास आळीपाळीनें ती हांकतात.

या शर्यतीच्या नियमांतील एक कलम प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. पांचशें डॉलरांची मर्यादा इंजिनाला आहे, गिअरपेटीला आहे. पण चाकांना, टायरांना व ब्रेकांना नाहीं. चालकाभोंवतीं उभारावयाचा पोलादी पिंजरा, त्याची बैठक, त्याला आवळून धरणारे पट्टे यांच्याप्रमाणेंच हीं अंगेंहि जीवितरक्षणाचीं मानून त्यांचा खर्च हिशेबांतून वगळलेला आहे. कारण उघड आहे. इंजिन बंद पडलें तर गाडी कडेला उभी राहील. चाक निखळलें तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाईल.

परंतु सूट मिळाली कीं माणसाची बुद्धि दोन दिशांना फांकते. एक मित्रमंडळ म्हणतें, "खर्चाला बंधन नाहीं ना? मग सर्वांत उत्तम घेऊं," आणि पांचशेंच्या गाडीला दोन हजारांचीं चाकें चढवितें. नाकापेक्षां मोती जड होतो तो असा. दुसरें मंडळ म्हणतें, "गाडीच स्वस्त, तिला चाकें तरी महाग कशाला?" आणि दुकानांतील सर्वांत हलक्या किंमतीचे टायर उचलतें. दोघांचेंहि चुकतें; आणि दुसऱ्याची चूक अधिक घातक असते, कारण ती काटकसरीचा वेष घेऊन येते.

बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव तापवून चढवितो. धाव निवून आवळली म्हणजे पाटे आणि आरे तुंब्याशीं घट्ट बसतात. तेथें धाव चाकाकरितां असते. शर्यतीच्या मोटारींत हा संबंध उलटा धरावा लागतो. आधीं टायर ठरवावा, मग त्याच्याकरितां चाक शोधावें. गाडीचा भुईशीं जो कांहीं संबंध आहे तो चार टायरांखालच्या चार तळहातांएवढ्या जागेंत. वेग घेणें, वळणें, थांबणें, सारें त्या चार तळहातांवर. इंजिन कितीहि जोरकस असलें तरी तेथें पकड नसेल तर तो जोर धुरांत जातो.

उदाहरणादाखल, या शर्यतींत वारंवार दिसणारी जपानी 'माझ्दा मियाटा' ही दोन आसनांची गाडी घेऊं. १९८९ सालीं ती बाजारांत आली तेव्हां तिला १४ इंच व्यासाचीं व साडेपांच इंच रुंदीचीं चाकें होतीं, आणि त्यांवर १८५/६० मापाचे टायर. यांतील पहिला आंकडा टायराची रुंदी मिलिमीटरमध्यें सांगतो. दुसरा सांगतो कीं टायराची उंची त्या रुंदीच्या शेंकडा साठ आहे. परंतु पकडदार रबराचे टायर १४ इंची मापांत आतां फारसे निघत नाहींत. कारखानदारांचें लक्ष मोठ्या मापांकडे गेलें. १५ इंची मापांत मात्र निवड पुष्कळ आणि स्पर्धेमुळें किंमतहि बेताची. म्हणून मूळचीं चाकें फुकट हातीं असतांहि जाणते लोक १५ इंच व्यासाचीं, ७ इंच रुंदीचीं चाकें शोधतात व त्यांवर २०५/५० मापाचा टायर घालतात. गणित करून पाहावें : २०५ चे निम्मे १०२.५, वरची व खालची उंची मिळून २०५, त्यांत १५ इंचांचे ३८१ मिळविले कीं बाहेरचा व्यास ५८६ मिलिमीटर. मूळचा व्यास ५७८ च्या आसपास. म्हणजे चाक इंचभर वाढलें तरी बाहेरचा घेर जवळजवळ तोच राहिला, आणि गिअरांचें प्रमाण बिघडलें नाहीं. कोणी १७ इंची चाकांचा डौल पाहून मोहित होतात. डौल खरा, पण टायर महाग, वजन जास्त, आणि गाडी होती तेथेंच.

आतां कोणता टायर? अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायराच्या कुशीवर एक झीज-अंक छापलेला असतो. तो ठरविण्यासाठीं टेक्ससमधील सान अँजेलो गांवाजवळ ४०० मैलांचा एक ठराविक फेरा आहे. त्या सार्वजनिक रस्त्यावर प्रमाण-टायर घातलेल्या गाडीच्या जोडीनें ७,२०० मैल गाडी चालवून झीज मोजतात. प्रमाणाचा अंक १०० मानला तर २०० अंकाचा टायर दुप्पट टिकावा, असा हिशेब. अंक लहान तर रबर मऊ व पकड अधिक, हा स्थूल नियम. लेमन्समध्यें आणि तिच्यासारख्या इतर हौशी शर्यतींत, हा अंक दोनशेंच्या आसपास ठरविलेल्या मर्यादेखालीं जाऊं नये असें बंधन घालतात. पैसेवाल्यांनीं दर तासाला मऊ टायर बदलून गरिबांना मागें टाकूं नये, हा हेतु.

हेतु चांगला, पण हा अंक टायरावर छापतो कोण? सरकार नव्हे, स्वतः कारखानदार. परीक्षेंत निघाला त्याहून अधिक अंक त्यानें छापूं नये, इतकेंच बंधन. कमी छापावयास आडकाठी नाहीं. त्यामुळें २०० हा आंकडा मिरविणारे दोन टायर स्वभावानें अगदीं निराळे असूं शकतात. ब्रिजस्टोनचा 'आरई-७१आर' आणि हँकूकचा 'आरएस-४', दोहोंवरहि २०० हाच अंक. पण पहिला एका फेरींत वेगवान म्हणून नांवाजलेला आणि लवकर झिजणारा. दुसरा किंचित् मंद, परंतु तासन् तास टिकणारा. एकाच इयत्तेचीं प्रमाणपत्रें हातीं असलेलीं दोन मुलें सारखींच हुषार असतात असें जो समजतो, त्यानें शाळेंत कधीं शिकविलेलें नसावें.

येथें थोडें अंकगणित उपयोगी पडतें. समजा, एक टायर १२० डॉलरला मिळतो आणि पंधरा तासांच्या एका शर्यतींत संपतो. दुसरा १५० ला मिळतो आणि दोन शर्यती काढतो. पावतीवर पाहिलें तर चार टायरांमागें पहिल्यांत १२० डॉलर वाचले. पण पहिल्याचे ४८० डॉलर पंधरा तासांना पुरले, म्हणजे ताशीं ३२. दुसऱ्याचे ६०० डॉलर तीस तासांना पुरले, म्हणजे ताशीं २०. शिवाय पहिला टायर शर्यतीच्या मध्यावर उघडा पडला तर तो बदलण्यांत जे फेरे बुडतात ते कोणत्याच पावतींत लिहिलेले नसतात. साधा घरगुती टायर आणखी स्वस्त असतो, पण त्याच्या रबराचे उंच ठोकळे सततच्या वळणांनीं तापतात, चळतात आणि तुकड्या-तुकड्यांनीं उडूं लागतात. तो दीर्घायुषी खरा, पण बाजाराच्या फेरीसाठीं.

वापरलेला माल घेण्यांत मात्र एक मजेदार भेद आहे. 'स्पेक मियाटा' नांवाच्या स्पर्धेंत सर्व गाड्या मियाटाच असतात आणि चाकेंहि १५ बाय ७ हींच. त्या लोकांनीं टाकून दिलेले टायर अल्प किंमतींत मिळतात. पण ते इतके मऊ असतात कीं त्यांचा झीज-अंक मर्यादेच्या पुष्कळ खालीं असतो, म्हणून लेमन्समध्यें ते चालत नाहींत. त्यांनीं काढून टाकलेलीं चाकें मात्र अवश्य पाहावीं. तात्पर्य, एकाच आंगणांतून चाक घ्यावें आणि टायर तेथेंच ठेवावा. वापरलेला टायर कोठूनहि घेतला तरी त्याच्या कुशीवरचे चार आंकडे वाचल्याशिवाय पैसे देऊं नयेत. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी रबर वयानें कडक होतें, आणि नख दाबून तें कळतेंच असें नाहीं.

चाक निवडतांना पुष्कळ लोक एकच प्रश्न विचारतात : भोकें जुळतात का? मियाटाच्या तुंब्यावर १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट आहेत. नव्वदीच्या दशकांतील होंडा सिव्हिकची मांडणी हीच. म्हणून भंगाराच्या आवारांत सिव्हिकचें चाक दिसलें कीं मंडळी हर्षभरित होतात, आणि तें चाक बसतेंहि. पण मियाटाच्या तुंब्याचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा, आणि सिव्हिकच्या चाकाचें मधलें भोंक ५६.१ चें. दोन मिलिमीटरची ही पोकळी भरण्यासाठीं एक कडें बसवितात. तें धातूचें असावें, प्लॅस्टिकचें ब्रेकांच्या उष्णतेनें विरघळतें. याहून मोठा धोका नटांच्या बैठकींत आहे. मियाटाचा नट शंकूसारखा निमुळता. होंडाच्या मूळ चाकांतील बैठक वाटीसारखी गोल. शंकू वाटींत बसविला तर तो कडेच्या एका बारीक रेषेवर टेकतो. पान्ह्याला घट्ट लागतो, हाताला घट्ट लागतो, आणि वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर ढिला होतो. चाक फुकट मिळालें म्हणून आनंदलेल्या मंडळानें चाकाला साजेसे सोळा नट विकत घेतले असते तर किती खर्च आला असता? चार जणांच्या एका जेवणाएवढा.

चाक तुंब्यापासून किती आंत किंवा बाहेर बसतें, हेंहि पाहावें लागतें. टेकण्याची पृष्ठभूमि चाकाच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे त्या अंतराला 'ऑफसेट' म्हणतात. मियाटाच्या मूळ चाकांचें तें ४५ मिलिमीटर. तें फार कमी असलेलें चाक बाहेर डोकावतें, रुबाबदार दिसतें, आणि तरफेच्या नियमानें बेअरिंगवर अधिक भार टाकतें. मियाटाचे पुढचे तुंबे याच ठिकाणीं दगा देतात. घरगुती टायरांसाठीं घडविलेल्या तुंब्याला रुंद चाक आणि चिकट रबर जोडलें कीं प्रत्येक वळणावर त्याला पूर्वीं कधीं न सोसलेला ताण सोसावा लागतो, आणि एके दिवशीं त्याच्या चकतीला तडा जातो. म्हणून पकडीचा लोभ कोठें आवरावा हें टायराच्या जाहिरातींत शोधूं नये, तुंब्याला विचारावें. गाडी उचलून, चाक वर-खालीं दोन हातांनीं धरून हलवावें. किंचितहि खडखड जाणवली तर नवे टायर घेण्याचे पैसे आधीं तुंब्यावर खर्चावे.

पोलादी चाकें स्वस्त व सोशिक. पण शर्यतीच्या ताणानें त्यांना भोकांभोंवतीं तडे जातात. अल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं चाकें हलकीं असतात. घेतांना त्यांच्यावर जपानी परीक्षेचीं 'जेडब्ल्यूएल' किंवा 'व्हीआयए' हीं अक्षरें व भारक्षमतेचा आंकडा आहे का तें बघावें. जुन्या चाकाला घरच्या घरीं तपासण्याची एक युक्ति आहे. तें स्वच्छ धुवून त्यावर भेदक लाल रंग लावतात, थोड्या वेळानें पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तडा असेल तर त्यांत शिरलेला रंग पांढऱ्यावर बारीक लाल रेघेसारखा उमटतो. ज्या चाकावर ही रेघ उमटली तें कोणास विकूंहि नये. तें फोडून भंगारांतच द्यावें.

चार चाकांनीं भागत नाहीं. निदान दोन जादा, टायर चढवून तयार ठेवावीं लागतात, आणि तीं सर्व एकाच मापाचीं असावीं. रस्त्यावर पडलेला खिळा कोणत्या कोपऱ्यांत रुतेल हें कोणास ठाऊक? पाऊस येणार असेल तर पूर्ण नक्षीचे टायर त्या दिवसासाठीं राखून ठेवतात आणि अर्धे झिजलेले कोरड्या दिवशीं वापरतात. झिजलेल्याचे ठोकळे बुटके असल्यानें ते कोरड्या रस्त्यावर उलट कमी तापतात. हवा नेहमींपेक्षां कमी भरून निघतात, कारण दर १० अंश फॅरनहाइट उष्णतेमागें दाब सुमारें १ पौंड वाढतो.

शनिवारीं संध्याकाळीं निशाण पडलें म्हणजे मित्रमंडळापैकीं बहुतेक जेवणाच्या मागें लागतात. एकानें तरी बॅटरी घेऊन गाडीखालीं बसावें. शर्यतीचा मार्ग घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरत असेल तर उजवीं वळणें अधिक, म्हणून डावीकडचे टायर जास्त झिजलेले आढळतील. त्यांतहि पुढचा डावा सर्वांत अधिक. तो उजवीकडे मागें जावा, आणि त्याच्या जागीं मागचा उजवा यावा. मात्र नक्षीला फिरण्याची दिशा ठरवून दिलेली असेल तर टायर रिमवरून काढून उलटा चढवावा लागतो, आणि त्या रात्रीं तसें करणारा कारागीर क्वचितच भेटतो. मग सोळाहि नट मापी पान्ह्यानें ठराविक जोर लावून आवळावे, आणि रविवारीं सकाळीं पहिल्या चालकाची पाळी संपून गाडी परत आली, चाकें निवलीं, कीं तेच सोळा नट पुन्हां एकदां.