मोबाईलवरची विद्या आणि आपली रानभाजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावयास मला सांगण्यात आले, तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, मी सातवी पास. विद्यापीठातल्या मुलामुलींच्या विद्येवर मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी विद्यापीठात शिकते ना? घरात जे पाहता तेच सांगा." तेव्हा पाहिले तेवढेच सांगते. कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

माझी थोरली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे एम.एस्सी. करते. सुट्टीत घरी आली की हातात मोबाईल. ही तक्रार आपल्या पुष्कळजणींच्या घरची आहे. आमच्या सासूबाई म्हणत, "पोरगी सारखी त्या डबीत डोके घालून बसते." एक दिवस भाकऱ्या थापता थापता मी तिला म्हटले, "बाई, त्यात काय आहे ते मला दाखव तरी."

तिने दाखविले. त्यांच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे. सरांनी फळ्यावर काढलेली आकृती कोणी टिपून त्यात टाकलेली. एस.टी. चुकली म्हणून ज्या मुलीचा तास बुडला, तिला दुसरीने वहीची पाने पाठविलेली. एकीला इंग्रजीतला धडा समजेना, तर मैत्रिणीने तो मराठीत समजावून, स्वतःच्या आवाजात भरून दिलेला. आपण शेजारणीला विरजण देतो ना, तसेच हे. दिल्याने आपले कमी होत नाही, आणि तिच्या घरी दही लागते.

मग तिने आणखी एक गोष्ट दाखविली. तिचे नाव आयनॅचरलिस्ट. २००८ साली अमेरिकेत बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी आपल्या पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ती सुरू केली. आज जगभरचे लोक ती वापरतात. रानात एखादे झाड, पाखरू, किडा दिसला की त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, कुठे आणि कोणत्या तारखेला दिसले ते नोंदवावयाचे आणि सर्वांपुढे ठेवावयाचे. मग ज्याला ठाऊक असेल तो नाव सुचवितो. एकट्याने सांगितले म्हणून ते नाव पक्के होत नाही. निदान दोघांचे एकमत लागते, आणि मतभेद झाला तर दोन-तृतीयांशाहून अधिक लोकांचे. चूक वाटली तर विद्यार्थीसुद्धा जाणत्या माणसाला "हे असे नसावे" म्हणून लिहू शकतो. अशा पक्क्या नोंदी पुढे संशोधनाला उपयोगी पडतात.

आमच्या परसामागच्या बांधावरच्या एका झुडपाचे छायाचित्र तिने असेच ठेवले. नाव आले रोथेका सेराटा. जुन्या पुस्तकांतून त्यालाच क्लेरोडेंड्रम सेराटम म्हणतात म्हणे. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, ही तर भारंगी! कोवळी पाने चिरून उकडायची, कडू पाणी पिळून टाकायचे, मग कांदा-लसणाच्या फोडणीत भिजलेली डाळ घालून परतायची." मुलीने ते सगळे लिहून घेतले आणि आजीने सांगितले म्हणून छायाचित्राखाली घातले. पुढे टाकळ्याचे छायाचित्र ठेवले, तेव्हा विदर्भातल्या एका मुलीने कळविले, "आमच्याकडे याला तरोटा म्हणतात." कोकणातला टाकळा आणि विदर्भातला तरोटा एकच, हे मला त्या दिवशी कळले.

भगिनींनो, त्या दिवसापासून सासूबाईंची तक्रार थांबली. आता त्याच विचारतात, "आज कोणत्या पाल्याचे नाव कळले?" विद्यापीठातल्या विद्वानांना झाडाचे लॅटिन नाव ठाऊक असते, ते कोवळे केव्हा खुडावे आणि त्यातला कडूपणा कसा काढावा, हे आपल्याला ठाऊक असते. दोन्ही एका जागी आल्याशिवाय त्या झाडाची ओळख पुरी होत नाही.

पण याच मोबाईलवरून दुसरेही पुष्कळ येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. त्यांच्याही घरी बायकामुले होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी घालण्याचे जाहीर केले. पण नुसत्या बंदीने काय होणार? बोट आपले आहे.

माझी मुलगी ठेवते ती नोंद आणि ती अफवा यांत फरक काय, याचा मी माझ्यापुरता विचार केला. नोंदीला सांगणाऱ्याचे नाव असते, ठिकाण असते, तारीख असते, आणि चूक असेल तर दुरुस्त करणारे असतात. अफवेला यांतले काहीच नसते. तिला फक्त पाय असतात. म्हणून मी घरात नियम केला आहे. काही आले की विचारावयाचे : हे कोणी सांगितले? कुठले? केव्हाचे? उत्तर मिळाले नाही तर ते पुढे धाडावयाचे नाही. रानभाज्यांच्या कृतींनाही हाच नियम. माझ्या जावेचे माहेर कोकणात. ती सांगते, शेवळाची भाजी आंबट घातल्याशिवाय आणि नीट शिजविल्याशिवाय खाल्ली तर घसा खाजतो. मोबाईलवर येणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या कृतीत नेमके तेवढेच राहून गेलेले असते! आणि नुसते चित्र पाहून अनोळखी पाला कोणी शिजवू नये.

मुलींनाही सांगावे की, सगळेच सर्वांपुढे मांडावयाचे नसते. दुर्मिळ झाडांची नेमकी जागा आयनॅचरलिस्टवरसुद्धा झाकून ठेवतात, कोणी उपटून नेऊ नये म्हणून. तशीच आपल्या घराची, आपल्या येण्याजाण्याच्या वेळेची माहिती झाकलेली बरी.

आता जे सांगावयाचे ते सांगते, रागावू नका. माझ्या ओळखीच्या एका घरी मुलीचा मोबाईल परीक्षेच्या तोंडावर कपाटात ठेवला. भावाचा मात्र त्याच्याकडेच. प्रात्यक्षिकाचा दिवस बदलल्याचा निरोप वर्गाच्या गटात आला. मुलगी एस.टी.ने कॉलेजात पोचली, तेव्हा प्रात्यक्षिक आदल्याच दिवशी होऊन गेलेले. आईबापांचा हेतू वाईट नव्हता, काळजीच होती. पण काळजीपोटी आपण मुलींच्या हातातून पुस्तक तर काढून घेत नाही ना, हे पाहिले पाहिजे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हाही लोकांना मुलींची काळजीच वाटत होती! मोबाईलला वेळ ठरवून द्यावी, जेवताना तो बाजूला ठेवावा, रात्री जागू देऊ नये. पण नियम मुलाला आणि मुलीला एकच असावा. आणि हिसकावून घेण्याआधी "मला दाखव" असे एकदा म्हणून पाहावे.

शेवटी एक सूचना. येत्या पावसाळ्यात मंडळाने रानभाज्यांचा एक दिवस करावा. प्रत्येकीने एक भाजी आणावी, तिचे आपल्याकडचे नाव आणि कृती सांगावी. आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी ती लिहून घ्यावी, छायाचित्र काढावे, शास्त्रीय नाव शोधावे आणि आपल्याला वाचून दाखवावे. सासूबाईंनी भारंगी आणण्याचे आताच कबूल केले आहे.