जुन्या कर्जाचा तगादा



गोदाकाठच्या सभांतून वेदान्तापासून विज्ञानापर्यंत सर्व विषयांचा परामर्श घेतला जातो. आज आम्ही मात्र उसनवारीसारखा क्षुद्र विषय घेऊन उभे आहोत. क्षुद्र म्हणावा, तर त्याच्यापायी माणसे घरदार सोडून निघून जातात.

निमित्त असे झाले. एके रात्री साडेनवाला आमचा फोन वाजला. पलीकडचा गृहस्थ दरडावून म्हणाला, "तुमच्या ओळखीचा अमुक कर्जबुडवा आहे. उद्यापर्यंत भरणा झाला नाही, तर त्याचा फोटो साऱ्या पंचवटीला दिसेल." आम्ही ना जामीन, ना साक्षीदार! आमचा नंबर त्या मुलाच्या फोनात होता, एवढाच आमचा अपराध. मुलगा शेजारचाच, बाजार समितीत एका आडत्याकडे दिवाणजी आहे. चार वर्षांपूर्वी पगाराला दहा दिवस अवकाश असताना त्याने फोनवरच्या एका अॅपवरून आठ हजार काढले. हातात आले सहाच, बाकीचे खर्चापोटी आधीच कापलेले. पुढे अॅप नाहीसे झाले. आता कोणी तिसराच बेचाळीस हजार मागत होता, आणि हा मुलगा आईला काही न सांगता रात्र रात्र रामकुंडावर बसून काढीत होता.

तगाद्याची ही तऱ्हा नवी नाही. पूर्वी सावकाराचा माणूस ऋणकोच्या दारात धरणे धरून उपाशी बसे. पाप घरधन्याच्या माथी लागेल, हे भय. 1860 च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याचा गुन्हा होता, आणि त्याला उदाहरण दिले होते ते याच धरण्याचे. पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकांशी पगाराच्या दिवशी पठाण सावकार उभे राहू लागले. 1931 साली मजूरविषयक रॉयल कमिशनने अहवाल दिला, त्यात वसुलीसाठी कारखान्याला असा गराडा घालणे गुन्हा ठरवावे, अशी शिफारस होती. धरणे असो, फाटक असो की फोन असो, या तगाद्याची भिस्त कागदावर नसते, चारचौघांतल्या लाजेवर असते. ज्याचा कागद पक्का आहे, त्याला कोर्टाची वाट मोकळी असते. तो आमच्यासारख्या तिऱ्हाइताला रात्री कशाला उठवील?

आता कायद्याचे पाहू. 1963 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, बिनतारण उसनवारीच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. मुदत टळली म्हणजे कर्ज मेले असे नव्हे. दावा चालत नाही, इतकेच. पण येथे एक खोच आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. मुदतीच्या आत कर्ज मान्य असल्याचे लिहून सही केली, की तीन वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात. मुदतीनंतरही देण्याचे लेखी वचन सहीनिशी दिले, तर तो नवा करार ठरतो. म्हणून "नुसते पाचशे भरा आणि एवढे लिहून द्या" असे कोणी गोड शब्दांत सांगू लागला, की सावध व्हावे.

कोणी म्हणेल, तुम्ही लोकांना कर्ज बुडवायला शिकवता की काय? मुळीच नाही. घेतलेले परत करावे; मुदत शिल्लक असेल आणि धनको खरा असेल, तर हप्ते ठरवून, पावती घेऊन भरावे. शिवाय थकबाकीची नोंद पतपत्रिकेत राहून पुढे घरकर्जाच्या वेळी आडवी येते, हेही लपवून चालणार नाही. पण देणे ही एक गोष्ट आणि छळ सोसणे ही दुसरी.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँकांना व वित्त कंपन्यांना बजावले, की सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन नकोत, धमक्या नकोत, आप्तेष्टांना उपद्रव नको. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आदेशाने अॅपांना फोनातील नंबरांची यादी चाळण्यास मनाई झाली. अशा संस्थेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. परवान्यावाचून सावकारी करणारा असेल, तर 2014 च्या राज्य कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे जावे. फोटोची विटंबना किंवा धमकी असेल, तर 1930 या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात. मात्र त्याआधी संदेश पुसू नयेत. घाबरलेला माणूस पहिल्यांदा तेच करतो, आणि पुरावाच हातचा घालवतो!

त्या मुलाला आम्ही ओट्यावर बसवून आधी आईला सर्व सांगायला लावले. माउली बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अरे, मला वाटलं तुला काही दुखणं जडलंय." दुसऱ्या दिवशी एका वकील स्नेह्यांनी चार ओळींचे पत्र लिहून दिले. कर्ज मान्य असल्याचा एक शब्दही त्यात नव्हता. मूळ धनको कोण, करार कोठे आहे आणि वसुलीचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, एवढीच विचारणा होती. ज्या नंबरावरून धमक्या येत, त्याच नंबरावर ते धाडले. उत्तर आले नाही. आठवड्याने फोन मात्र आला. तो आईने घेतला आणि तेच तीन प्रश्न आपल्या भाषेत विचारले. पलीकडच्याने तिचेच नाव विचारले. तिने ते पूर्ण, सासरच्या आडनावासकट सांगितले आणि म्हणाली, "आता तुमचं सांगा." फोन बंद झाला.