हाड जुळले, दुखणे राहिले



मनगट मोडते, प्लॅस्टर निघते, क्ष-किरणांच्या चित्रात हाड नीट जुळलेले दिसते. तरी हात विस्तवात धरल्यासारखा जळतो. पदराचा स्पर्शही सोसत नाही. हात सुजतो, रंग पालटतो, कधी ऊन तर कधी गार लागतो. घरची मंडळी म्हणतात, "हिचे आपले काहीतरीच!" तेवढे एक वाक्य आज मला खोडावयाचे आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) गोळीने मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांत डॉ. विअर मिचेल यांनी हीच आग पाहिली. ते बिचारे हात सतत पाण्याने ओला ठेवीत. त्यांना कोणी सोंगाडे म्हणेल काय? १९९४ साली या विकारास 'कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम' हे नाव मिळाले. जखम भरली तरी मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवीतच राहते. रक्ताच्या तपासणीत हे उमटत नाही. डॉक्टर लक्षणांवरूनच ओळखतात.

आपण मायेपोटी हात झोळीत जपून ठेवतो, आणि तेथेच चुकतो. न हलविलेला हात अधिकच आखडतो. औषधे वेदना उतरवितात ती व्यायाम करता यावा म्हणून. प्रथम मऊ कापड, मग खरखरीत, असा स्पर्शाचा सराव करवितात. दुखरा हात आरशामागे ठेवून चांगल्या हाताचे प्रतिबिंब हलताना पाहावयाचे, असाही एक उपाय आहे; पोरखेळ वाटतो, पण कित्येकांना गुण येतो. बहुतेकांचे दुखणे हळूहळू ओसरते, काहींचे मात्र रेंगाळते.

म्हणून प्लॅस्टरमध्ये असतानाच डॉक्टरांना विचारून बोटे हलवीत जा. कळ दिवसेंदिवस वाढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा; आणि सोबत घरचे एक माणूस न्या.