कमाई तिची, कागद कुणाचा?

(धाराशिव इथल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या ओळीत काहीजणी हसल्या. परदेशात गेलेल्या बाईचा आयकर! आपल्या जिल्ह्यात? दसरा झाला की आपल्या बायका नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला कर्नाटकात जातात, तो आपला परमुलूख. हसू येणं साहजिक आहे. पण गेली कितीतरी वर्षं मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते, आणि मस्कत, दुबई, कुवेतहून येणारे बायकांचे फोन वाढत चाललेत. त्यात परिचारिका आहेत, शाळेत शिकवणाऱ्या आहेत, घरकामाला गेलेल्याही आहेत.

सरहद्द आणि कर यांची गाठ आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि शेजारची बार्शी मुंबई इलाख्यात. माल बार्शीच्या पेठेत न्यायचा तर करोडगिरीचा नाका लागायचा. आता ती सरहद्द अरबी समुद्रापलीकडे गेली आहे. समुद्राच्या वाटेनं पाहिलं तर ओमान आपला शेजारीच.

कोयत्याचा हिशेब तुम्हाला पाठ आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या नावावर आणि अंगठा त्याचा. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, तरी कागदावर ती नसते. मला आज सांगायचं आहे ते हे, की विमानात बसून गेलेल्या, शिकलेल्या, महिन्याला पगार घेणाऱ्या बाईचंही पुष्कळदा असंच होतं. पॅन कार्ड तिचं असतं, पण ते दिराच्या कपाटात. आधारला मोबाइल नंबर सासऱ्यांचा. म्हणजे ओटीपी त्यांच्याकडे येतो, विवरणपत्र तेच पाठवतात, आणि आपल्या नावानं सरकारला काय सांगितलं गेलं हे तिला नोटीस आल्यावर कळतं.

एका बाईची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून नावगाव वगळते. परिचारिका, मस्कतला नऊ वर्षं. घरी पैसे पाठवत राहिली. थोड्या मुदत ठेवी तिच्या नावावर झाल्या. ती परदेशात राहते हे बँकेला कुणी सांगितलंच नाही. उलट दरवर्षी तिच्या नावानं, तिच्या सहीनं (सही कुणी केली ते तुम्ही ओळखा) व्याजावर कर कापू नका असा अर्ज जात राहिला. तुम्ही तो १५ जी या नावानं ओळखता. तो अर्ज फक्त भारतात राहणाऱ्यालाच करता येतो. म्हणजे खोटं निवेदन झालं, आणि कायद्यापुढं ते करणारी ही बाई ठरली.

पण खरा घाव तो नव्हता. बाकीच्या पैशातून दोन एकर जमीन घेतली होती, दिराच्या नावावर. का? तर परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. हा नियम खरा आहे. वारसानं आलेली किंवा इथं असताना घेतलेली जमीन ठेवता येते, नवी घेता येत नाही. घरच्यांनी तो नियम तिला बरोबर सांगितला आणि त्याच नियमाच्या आधारानं सातबारा आपल्या नावावर करून घेतला. पुढं नवऱ्याशी बिनसलं. ती म्हणाली, पैसे माझे, बँकेच्या पावत्या आहेत, दावा लावते. आता इथं नीट ऐका. बेनामी व्यवहारांचा कायदा १९८८ चा, २०१६ मध्ये तो कडक झाला. दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेवर ‘पैसे माझे होते’ म्हणून खऱ्या मालकाला दावाच लावता येत नाही. नवरा-बायको आणि मुलं यांच्या नावावर उघड कमाईतून घेतलं तर सूट आहे. दिराला ती सूट नाही. ठेवी तिच्या नावावर होत्या त्या तिला मिळाल्या. जमीन गेली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, शेतजमिनीच्या मोहात पडू नका. परदेशात असताना घर, फ्लॅट, दुकानाचा गाळा, बिगरशेती प्लॉट हे स्वतःच्या नावावर घेता येतं. कायद्यानं पूर्ण परवानगी आहे. ‘तुला घेताच येत नाही’ असं कुणी सांगितलं तर विचारा, कोणती जमीन घेता येत नाही?

आता कराकडे येते. कर वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय बाईचे त्या वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले, तर ती त्या वर्षी अनिवासी. सोप्या भाषेत, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागायच्या आत गेलात तर त्या वर्षीचा तिकडचा पगार इथल्या करात येत नाही. डिसेंबरात गेलात तर त्या वर्षी तुम्ही निवासी, आणि मार्चपर्यंतचा तिकडचा पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिकडचं बँक खातंसुद्धा. कर लागेलच असं नाही, पण दाखवायचं.

अनिवासी झाल्यावर भारत फक्त भारतातल्या उत्पन्नावर कर मागतो: भाडं, ठेवीचं व्याज, मालमत्ता विकून झालेला नफा. शेतीचं उत्पन्न करमुक्तच राहतं. पगार मात्र आधी तिथल्या खात्यात घ्या आणि मग इकडे पाठवा. आईला, नवऱ्याला, भावाला पाठवलेल्या पैशावर त्यांना कर नाही.

आणि ते १२ लाख! २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर जो तो सांगत सुटला की १२ लाखांपर्यंत कर नाही. ती सवलत निवासींसाठी आहे. अनिवासी बाईला नव्या पद्धतीत करमुक्त मर्यादा ४ लाख. शिवाय तिच्या भाड्यातून आणि साध्या, म्हणजे एनआरओ खात्यातल्या व्याजातून पहिल्या रुपयापासून कर कापला जातो. ३० टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. समजा तुळजापुरात तुमचा गाळा आहे, भाडं महिना १०,००० रुपये. वर्षाचे १,२०,०००. भाडेकरूनं त्यातून ३७,४४० कापून सरकारात भरायचे. ठेवीचं व्याज ६०,००० असेल तर बँक १८,७२० कापणार. एकूण ५६,१६० गेले. प्रत्यक्षात भाड्यातली ठरलेली ३० टक्के वजावट धरली तर तुमचं करपात्र उत्पन्न १,४४,००० होतं. म्हणजे कर शून्य आणि ५६,१६० रुपये परत मिळण्यासारखे. पण ते विवरणपत्र भरलं तरच. ‘उत्पन्नच नाही तर भरायचं कशाला’ असं म्हणून किती बायकांचे पैसे तसेच पडून आहेत! आणि ज्यांचं विवरणपत्र घरचे भरतात, त्यांचा परतावा कुणाच्या खात्यात जातो तेही एकदा तपासून बघा.

परदेशी कमाई ठेवण्यासाठी एनआरई खातं वेगळं असतं, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. जाण्यापूर्वी बँकेत जाऊन दोन्ही खात्यांचं सांगून ठेवा, स्वतः. तिकडच्या करांचं विचाराल तर ओमानमध्ये पगारावर कर नव्हताच. २०२५ मध्ये त्यांनी हुकूम काढला, २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के. आपल्या परिचारिकांना तिथवर पोचायला वेळ आहे!

आता ज्यांचा नवरा तिकडे आणि त्या इथं, त्यांच्यासाठी. नवऱ्यानं पाठवलेल्या पैशातून तुम्ही ठेव केलीत, तर तिचं व्याज कायदा नवऱ्याच्या उत्पन्नात धरतो. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलं तरी तेच. कायद्याची समजूत अशी की बाईच्या नावावर ठेवलं ते कर चुकवायला ठेवलं. असं होतही असेल, नाही म्हणत नाही. पण वीस वर्षं घर, गुरं, म्हातारी माणसं सांभाळल्याचा मोबदला म्हणून ती रक्कम तिची असू शकते, हे त्या कलमाला सुचतच नाही. गंमत बघा, त्या व्याजातून पुन्हा ठेव केली तर त्या नव्या व्याजाला कायदा तुमचं मानतो! स्वतःच्या कष्टाची, शिक्षणाची कमाई मात्र पूर्ण तुमची, ती कुणात मिसळत नाही. गोव्यात वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे तिथं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून आयकरातही पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं धरतात. म्हणजे आयकर खात्याला हे जमत नाही असं नाही. आपल्यासाठी का नाही, हा प्रश्न आपण मागण्यांच्या निवेदनात घालायला हवा. पॅनच्या अर्जावर वडिलांचं नाव सक्तीचं होतं; एकट्या आईच्या मुलांसाठी ती सक्ती डिसेंबर २०१८ पासून गेली. मागितल्यावर बदलतं.

मुखत्यारपत्राबद्दल एकच. ‘सर्व व्यवहार करण्याचा अधिकार’ असं लिहिलेल्या कागदावर विमानतळाच्या घाईत सही करू नका. विवरणपत्रापुरतं, अमुक गाळ्याच्या भाड्यापुरतं, अमुक तारखेपर्यंत, असं लिहून घ्या. शक्यतो ते आईच्या किंवा बहिणीच्या नावानं करा. नोंदणी कार्यालयात ‘बाईमाणसाला काय कळतंय’ असं म्हणणारा कुणीतरी भेटेलच, त्याला म्हणू द्या.

२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे जुने आकडे पाठ करत बसू नका. ‘सहज’ हा सोपा फॉर्म अनिवासी बाईला चालत नाही एवढं ध्यानात ठेवा. साध्या भाडं-व्याजवाल्यांची मुदत ३१ जुलै.

जेवणानंतर मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते. ज्यांची बहीण, मुलगी, जाऊ तिकडे आहे त्यांनी आज तिला एवढंच कळवायचं: पॅनला, आधारला आणि बँकेला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते बघ. आणि पासपोर्टाच्या शिक्के असलेल्या सगळ्या पानांचे फोटो पाठव. दिवस मोजायला ते लागतात.