इरलं: दोन्ही हात मोकळे ठेवणारी टोपी

(मोहोळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावरची ही वस्तू पाहून मघाशी कुणीतरी विचारलं, "ही उलटी होडी कशाला आणली?" हिला इरलं म्हणतात. आपल्या मोहोळ भागात ते दिसायचं नाही. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. पावसाची सर आली की घोंगडीची नाहीतर पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची, एवढ्यावर आपलं भागत आलं. पण सह्याद्रीच्या पलीकडे, जव्हार-मोखाड्याकडे किंवा कर्जतच्या डोंगराकडे जा. तिथे पाऊस लागला की दिवसचे दिवस उघडत नाही, आणि भाताची लावणी नेमकी त्याच पावसात करावी लागते. वारली, ठाकर, कातकरी माणसं चिखलात वाकून लावणी करत आली ती हे इरलं पाठीवर घेऊन.

बांबू चिरून बारीक कांबी काढायच्या आणि त्यांची जाळी विणायची. तिच्यावर पळसाची किंवा तशीच रुंद पानं कौलांसारखी एकावर एक रचायची आणि घट्ट बांधायची. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकली जाते, पाणी दोन्ही बाजूंनी निथळतं. छत्री धरायला एक हात लागतो. रोप लावायला मात्र दोन्ही हात हवेत. ज्यानं इरलं पहिल्यांदा विणलं त्यानं ही अडचण ओळखली होती. त्याला आपण अडाणी म्हणायचं का?

गवताच्या, पानांच्या, काड्यांच्या टोप्या जगभर कष्टकऱ्यांनीच विणल्या आहेत. त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध 'पनामा हॅट'. ती पनामाची नाहीच. ती विणतात दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशात, तोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पात्यांपासून. एक टोपी विणायला कधी एक दिवस लागतो, तर अगदी तलम असेल तर आठ महिनेही. पण ती पनामाच्या बंदरांतून विकली गेली, म्हणून जगानं तिला पनामाचं नाव दिलं. २०१२ साली युनेस्कोनं या विणकामाला सांस्कृतिक वारशाचा मान दिला, तो इक्वाडोरच्या नावानं. विणणाऱ्याचं नाव विणलेल्या वस्तूला लागायला इतका काळ जावा लागला.

आता आपल्या दाराशी या. सोलापूर जिल्ह्यात इरलं नसलं तरी विणणारे हात आहेत. कैकाडी समाजानं फोकांच्या पाट्या, डाली, कणग्या विणल्या. शेतकऱ्याचं धान्य त्यांत राहिलं. त्या बदल्यात काय मिळालं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राज्यात जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती, जिला आपण आजही 'सेटलमेंट' म्हणतो. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की पाटी विणणाऱ्याचं घर कसं असतं.

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. शास्त्रज्ञ बांबूला गवत म्हणतात. पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं. म्हणजे इरल्यासाठी जंगलातला बांबू तोडणारा आदिवासी चोर ठरू लागला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं. त्याच हक्काच्या बळावर एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं आपल्या बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती घेतले. २०१७ मध्ये वन कायद्याच्या झाडाच्या व्याख्येतूनही बांबू वगळला गेला. त्यामुळे जंगलाबाहेर, शेताच्या बांधावर लावलेला बांबू तोडायला मोकळीक मिळाली.

आज पळसाच्या पानांची जागा प्लॅस्टिकच्या कागदानं घेतली आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही. भिजणाऱ्या माणसाला स्वस्त कागद बरा वाटला तर त्याचं काय चुकलं? "परंपरा टिकवा" हे कोरड्या खोलीत बसून सांगणं सोपं आहे. विणकाम टिकतं ते पोट भरलं तर. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथे कोरकू तरुण बांबूच्या राख्यांपासून घरापर्यंत कामं शिकले. हात तेच, कला तीच. वस्तू काळाप्रमाणे बदलली.

म्हणून आपल्या कामासाठी तीन गोष्टी सुचवतो. पाटी, डाल, टोपली घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपण बांबूचा भाव धरतो, दिवसभर विणणाऱ्या हातांचा धरत नाही. आपण वस्तू विक्रीला ठेवू तेव्हा तिच्यासोबत विणणाऱ्याचं नाव आणि गाव लिहू, अर्थात त्याला विचारून. आणि विणणाऱ्यांच्या वस्तीवर जाताना फक्त कपडे आणि वह्या नेऊ नका. जातीचा दाखला, वनहक्काचा दावा यांचे अर्ज कसे भरायचे हे शिकून जा.

मदत देताना आपला हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. विकत घेताना दोन्ही हात एका उंचीवर येतात. शक्य तिथे आपण गिऱ्हाईक होऊन जाऊ या.